झेबाची गाडी आणि सादियाचा हक्क

मित्रांनो, सौदी अरेबियातल्या दम्माम शहरात एका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उन्हानं रंग उडालेली एक पांढरी गाडी उभी असते. ती मी. माझं आता वय झालं आहे. एसी सुरू करताना मी जरा खोकते, पण थांबत मात्र नाही.

माझा जन्म दूर जपानमधल्या कारखान्यात झाला. जहाजातून दम्माम बंदरात उतरले, तेव्हा माझ्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. मूळच्या कोकणातल्या खेडच्या शौकतचाचांनी मला विकत घेतलं. त्यांचं इथं तांदूळ-मसाल्याचं दुकान होतं. दर शुक्रवारी ते मला स्वतःच्या हातांनी धुवायचे आणि येईल त्या पाहुण्याजवळ माझं कौतुक करायचे. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. मुलानं नवी गाडी आणली आणि मी पत्र्याच्या शेडखाली गेले. वाळूची वादळं माझ्यावरून गेली. बॅटरी उतरली, टायर बसले. कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहीना.

मग झेबा आली. ती मूळची रत्नागिरीची, इथल्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स. तिचा नवरा शारीक तलाक देऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, तबूकला नोकरीला गेला होता. जाताना घरची गाडीही घेऊन गेला. त्यांची मुलगी सादिया आईजवळ राहिली. सुरुवातीला शारीक मुलीच्या खर्चाचे पैसे पाठवायचा. हळूहळू तेही बंद झालं आणि फी न भरल्यानं सादियाची शाळेची बस बंद झाली. झेबा रडत बसली नाही. तिनं लायसन्स काढलं आणि जुनी गाडी विकत घ्यायला चाचांच्या दारात उभी राहिली.

"पोरी, इंजिन खणखणीत आहे," चाचा म्हणाले, "फक्त हिला विसरू नको."

असं माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. सकाळी शाळा, मग हॉस्पिटल. एका सकाळी शारीकचा फोन आला. झेबानं तो स्पीकरवर घेतला.

"सादियाला गावी माझ्या आईकडे पाठव," तो म्हणाला. "तिथं खर्च कमी येतो. इथली शाळा मला परवडत नाही."

मागच्या सीटवरून सादिया ओरडली, "मम्मी, आय ॲम नॉट गोइंग! माझी शाळा इथे आहे. तूपण इथेच आहेस ना?"

झेबानं मला रस्त्याच्या कडेला घेतलं. तिचा आवाज शांत होता. "ती कुठेही जाणार नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी घरी परतताना तिच्या शेजारी सुखदा बसली होती. ती नाशिकची, त्याच वॉर्डातली नर्स.

"सारखे पैसे मागायचे म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं गं," झेबा म्हणाली.

"भीक कसली? इथं त्याला नफका म्हणतात. मुलीच्या खर्चाचा हक्क आहे तो. सरळ कोर्टात अर्ज कर."

"माहेरचे म्हणतील, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली."

"शाळेची फी माहेरचे भरणार आहेत का?"

झेबा हसली. खूप दिवसांनी हसली. त्याच आठवड्यात तिनं अर्ज केला.

सुनावणी मोबाईलवरून होती. वॉर्डात गडबड असते, म्हणून झेबा माझ्यात येऊन बसली. डोक्यावरची ओढणी नीट केली, फोन डॅशबोर्डला टेकवला. न्यायाधीश अरबीत विचारत होते, दुभाषा हिंदीत सांगत होता. शारीकही पडद्यावर होता.

"ती स्वतः कमावते," तो म्हणाला.

"कमावते," झेबा म्हणाली. "माझ्यासाठी मी काहीच मागत नाही. सादिया आमच्या दोघांची आहे. तिचं जेवण, कपडे, शाळा यांत बापाचा वाटा हवा."

तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. निकाल तिच्या बाजूनं लागला. शारीकनं दरमहा पैसे द्यायचे ठरले.

पण त्यानं दिले नाहीत. झेबानं वाट पाहिली आणि मग निकाल घेऊन अंमलबजावणीच्या कोर्टात अर्ज टाकला. शारीकला नोटीस गेली. मुदत संपली, तसं त्याचं पगाराचं बँक खातं गोठवलं गेलं, देशाबाहेर जाणंही बंद झालं. त्याचा संतापलेला फोन आला.

"माझ्या कंपनीत नाचक्की केलीस!"

"पैसे भरा, सगळं मोकळं होईल," झेबा म्हणाली. "आणि सादियाला कधीतरी भेटायला या. त्याला कोर्टाचा हुकूम लागत नाही."

शारीकनं फोन ठेवला.

थकलेले सगळे पैसे आले. पुढचे दरमहा येऊ लागले. मग हिवाळ्यात शारीक विमानानं आला. झेबानं त्याला आणि सादियाला समुद्रकिनाऱ्यावर सोडलं. उघड्या काचेतून मला दोघं दिसत होती, त्यांचं बोलणंही ऐकू येत होतं.

"अब्बू, यू आर व्हेरी लेट," सादिया म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

तिनं लगेच काही माफ केलं नाही. पण त्याच्या बरोबरीनं चालू लागली.

मित्रांनो, मला वर्षभर शेडखाली टाकलं होतं, तरी बॅटरी बदलल्यावर मी चालू लागले. मुलांचं तसं नसतं. त्यांची भूक, त्यांची शाळा, त्यांचं वाढणं कुणासाठी थांबत नाही. म्हणून मोठे झालात की आपल्या मुलांना मध्येच सोडून जाऊ नका. आणि कुणी सोडून गेलंच, तर हक्क मागायला लाजू नका. झेबानं तो माझ्या पुढच्या सीटवर बसून, ताठ मानेनं मागितला. मी स्वतः पाहिलं आहे.