जाऊन ये

आपली लेक सौम्या नन होणार, हे कमलाक्षीबाईंनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. तंजावुरात लॅटिन येतं ते पाद्र्यांना. मग बी.ए. झालेली पोर रोज संध्याकाळी फादर इन्नासींकडे लॅटिन नि ग्रीक शिकायला जाते, ती काय उगाच? त्यात आता विलायतेतल्या एका विद्यापीठाने त्याच विषयात एम.ए. करायला स्कॉलरशिप देऊ केली होती. सगळ्यांची मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला धावत होती आणि हिचं हे भलतंच!

त्यांच्या यजमानांना, सीतारामरावांना, ननची धास्ती नव्हती. पापनाशमच्या तालुका कचेरीत हेडक्लार्की करणाऱ्या माणसाला एवढं कळत होतं. त्यांचं दुखणं निराळं. एकुलती एक लेक. ती घरात नसली की त्यांना घास गोड लागत नसे. पण हे बोलून दाखवतील तर ते बाप कसले! “मेलेल्या भाषांनी पोट भरल काय?” असं आपल्या तंजावुरी मराठीत म्हणत त्यांनी नन्नाचा पाढा लावला होता. आणि अप्पांनी हो म्हटल्याशिवाय जाणार नाही, असं सांगून लेकीने सगळं त्यांच्याच गळ्यात घातलं होतं.

शेवटी ते फादरना चार शब्द सुनावायला निघाले. चर्चमागच्या खोलीच्या खिडकीशी पोचले, तर आत शिकवणी चाललेली. ग्रीक ओळ वाचायची, आधी आपल्या घरच्या भाषेत सांगायची, मग इंग्रजीत, असा फादरांचा नेम. मराठी त्यांना ओ की ठो कळत नसे, तरी मान डोलवत. आजच्या धड्यात एक म्हातारा बंदरावर उभा राहून गलबतात चढणाऱ्या मुलीला निरोप देत होता.

“लेकी, वारं बरं आहे,” सौम्या सांगत होती. “आता जा.”

सीतारामरावांच्या अंगावर काटा आला. निघणाऱ्या माणसाला ‘जा’? त्यांच्या घरी दूधवाल्यालासुद्धा कुणी असं म्हणत नसे.

“सौम्ये, जा मणू नोको!” ते खिडकीतून ओरडले. “बाप लेकीस असं मणल काय? जाऊन ये, मण!”

फादर दचकले. सौम्या उठून खिडकीशी आली.

“मज मणालेत काय, अप्पा?”

अजूनही ‘नाही, त्या म्हाताऱ्याचं सांगत होतों’ म्हणून सुटता आलं असतं. पण पोरीचं तोंड इतकं उजळलं होतं, की त्यांच्याने ते होईना. त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला.

“तुजच मणालों,” ते म्हणाले. “जाऊन ये. येशील नव्हे ग?”