ब्याण्णव पावलं

मंगळवारी दुपारी मेट्रनबाई आईच्या खाटेशी बसून संत्रं सोलत होत्या. दुसऱ्या कुणाच्या खाटेशी त्या बसत नसत. उभ्याउभ्या चार प्रश्न विचारायच्या, तक्त्यावर नजर टाकायची आणि पुढे सरकायचं, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा शिरस्ता. पण आईला छातीच्या तापानं तिसऱ्या मजल्यावर आणल्यापासून जेवणाच्या सुट्टीतला थोडा वेळ त्यांनी स्टुलावर बसून काढला होता. आज बारावा दिवस. ताप उतरला होता, खोकला मऊ पडला होता, आणि आईची जीभ पूर्वपदावर आली होती.

"शिरा काढ," आई म्हणाली.

"काढल्या."

"ही काय मग? वाळत घालायची दोरी आहे नुसती. घशात अडकली तर म्हणतील, मेट्रननं सख्ख्या आईला संत्र्यानं मारलं."

"आई, हळू बोल. लोक ऐकतात."

"ऐकू दे. शेजारच्या बाईंना तसंही ऐकू येत नाही."

"मला सगळं ऐकू येतं," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "आणि एक फोड इकडे पण द्या."

आईनं एकतीस वर्षं याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्री केली होती. चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. मुलगी नर्सिंगला लागली तेव्हा तिच्या गणवेशाला आई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. आता मुलगी मेट्रन होऊन जमाना झाला, तरी आईची नजर आधी तिच्या बाहीच्या घडीवर जायची आणि मग चेहऱ्यावर. आजारी पडली तेव्हाही ती स्वतःच्या पायांनी आली होती, छत्री टेकत टेकत, आणि नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाला "टेबल पुसत जा रे" असं सुनावून वर गेली होती.

वर गेल्यावर मात्र तिच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधली गेली. "रद्दीच्या गठ्ठ्याला बांधतात तशी," आई म्हणाली होती. पण नियम होता, आणि नियम तिच्याच लेकीचा होता. पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला पिवळी पट्टी. खाटेचे कठडे वर. जमिनीला पाय लावायचा तर दोन्ही बाजूंना दोन माणसं आणि कागदावर मेट्रनची सही. कागदावर हे छान दिसायचं. वॉर्डात दोन माणसं एकाच वेळी मोकळी सापडणं कठीण, आणि सहीसाठी तळमजल्यावर कोण धावणार? त्यामुळे भांडं खाटेवर, जेवण खाटेवर, दिवस खाटेवर. सात वर्षांत म्हाताऱ्या माणसांचं पडणं जवळजवळ थांबलं. त्याचं प्रशस्तिपत्र मेट्रनबाईंच्या खोलीत टांगलेलं होतं आणि ते बघायला दुसऱ्या हॉस्पिटलांतून माणसं येत.

हा नियम हौसेनं केलेला नव्हता. तेविसाव्या वर्षी, नोकरीला लागून चार महिने झाले असताना, त्यांच्या वॉर्डातले एक निवृत्त शाळामास्तर "जाऊन येतो" म्हणून एकटेच उठले. त्या स्वतः दोन खाटा पलीकडे गोळ्या मोजत होत्या. "थांबा" म्हणेपर्यंत मास्तर पडले, आणि तीन दिवसांनी गेले. चूक कुणाची नाही, असं सगळ्यांनी समजावलं. त्यांनी मान डोलावली. पण फरशीवर डोकं आपटल्याचा तो आवाज त्यांच्या कानातून कधी गेला नाही.

आईच्या वॉर्डात एक तरुण सिस्टर होती. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. नोकरी सांभाळून ती पुढचं शिकत होती आणि त्यासाठी तिचं संशोधन चाललं होतं: वॉर्डातली म्हातारी माणसं दिवसाकाठी किती पावलं चालतात. प्रत्येकाच्या घोट्याला ती घड्याळाएवढं एक यंत्र बांधायची.

"या वयात पैंजण घातलंय मला पोरीनं," आई सगळ्यांना सांगायची. "आवाज तेवढा करत नाही."

चष्मेवालीनं पहिल्या साठ जणांचा अहवाल मेट्रनबाईंना दिला होता, त्याला पाच आठवडे झाले होते. स्वतःच्या पायांनी आलेल्या दर पाच माणसांपैकी दोघांना घरी जाताना खुर्चीतून आपलं आपण उठता येत नव्हतं. आजारानं त्यांचे पाय नेले नव्हते, खाटेनं नेले होते. शेवटचं वाक्य होतं: "आपल्याकडे कुणी पडत नाही, कारण कुणी उठतच नाही." मेट्रनबाईंनी त्या वाक्यासमोर लाल शाईनं लिहिलं होतं, "भाषा तपासा," आणि अहवाल खणात टाकला होता.

संत्रं संपलं. आईनं बोटं पुसली आणि म्हणाली, "मला त्या खिडकीपाशी ने."

"कुठल्या?"

"व्हरांड्याच्या टोकाच्या. खाली लाँड्रीचं अंगण दिसतं म्हणतात. चल, दोघी जाऊ."

चष्मेवाली शेजारच्या खाटेची चादर बदलत होती. ती थबकली. "मॅडम, मी आहे, मामा पण आहेत. तुम्ही हो म्हटलंत तर…" वॉर्डातले मदतनीस मामा दाराशी चाकांची खुर्ची पुसत होते. तेही लगबगीनं उभे राहिले.

मेट्रनबाईंनी आईच्या पायांकडे पाहिलं. पांघरुणाबाहेर आलेले पाय बारा दिवसांत काटक्यांसारखे झाले होते. मग त्यांनी वॉर्डाकडे पाहिलं. बावीस खाटा, बावीस पिवळ्या पट्ट्या, आणि सगळ्यांच्या नजरा इकडेच.

"मेट्रनच्या आईला वेगळा नियम नको," त्या म्हणाल्या. "आज नको. उद्या बघू."

"सही करणारी तूच, आणि सही मागायची पण तुझ्याकडेच," आई म्हणाली. "बरं, उद्या तर उद्या. मोठ्या बाईंचा हुकूम." मोठ्या बाई हे तिनं लेकीला ठेवलेलं नाव होतं, चिडवताना वापरायचं. पण आवाजात राग नव्हता. तिनं लेकीचा हात ओढून घेतला आणि बाहीवरची एक सुरकुती अंगठ्यानं दाबून दाबून सपाट केली. "हल्ली घडी कुठे पडायला हवी तेच कळत नाही पोरींना. जा, जेव जा."

बुधवारी सकाळी चहा झाल्यावर आईनं पाणी मागितलं, अर्धं प्यायली आणि म्हणाली, पाठीत काहीतरी टोचतंय. मेट्रनबाई तीन जिने चढून वर पोचल्या तेव्हा डॉक्टर छाती दाबत होते. वीस मिनिटांत सगळं संपलं.

"फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "या वयात होतं."

मेट्रनबाईंनी मान डोलावली. न हलणाऱ्या पायांत रक्त कसं साकळतं, हे त्यांनी नर्सिंगच्या किती वर्गांना फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. हिंडती-फिरती असती तर आई वाचली असती, असं कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं. नसती वाचली, असंही सांगता आलं नसतं.

पुढच्या दिवसांत घरी माणसं येत-जात राहिली. धाकटा भाऊ लांबून आला होता. तो सारखा एकच म्हणायचा, "ताई, तुझ्या नजरेखाली होती म्हणून बरं. डोळ्यांत तेल घालून जपलंस तू तिला." येणारेही तेच म्हणायचे. प्रत्येक वेळी त्या चहाचे कप गोळा करायला उठायच्या.

आठ दिवसांनी त्या कामावर आल्या. टेबलावर पाकिटांचा ढीग होता. पहिलं पाकीट फोडतायत तोच दारावर टकटक झाली. चष्मेवाली होती, हातात एकच कागद.

"मॅडम, आजींची नोंद माझ्या अभ्यासात आहे. तुमची इच्छा नसेल तर काढून टाकते. विचारल्याशिवाय ठेवणं बरं नाही वाटलं."

"बघू."

कागदावर बारा दिवसांचे बारा आकडे होते. पहिल्या दिवशी चारशे बारा; पट्टी बांधायच्या आधीचे. दुसऱ्या दिवशी तीस. मग शून्य. शून्य. शून्य. मेट्रनबाईंचं बोट शून्यांवरून खाली सरकत गेलं आणि अकराव्या दिवसाशी थांबलं. ब्याण्णव.

"यंत्र बिघडलं होतं?"

"नाही, मॅडम." चष्मेवालीनं चष्मा वर सरकवला. "सोमवारी सकाळी मी आणि मामा आजींना खिडकीपाशी घेऊन गेलो. जायला शेहेचाळीस, यायला शेहेचाळीस. तुमची सही नव्हती. मी लेखी द्यायला तयार आहे. मामांना यात धरू नका, मी सांगितलं म्हणून ते आले."

खोलीत पंखा फिरत होता. मेट्रनबाईंनी कागद टेबलावर ठेवला.

"पडली असती तर?"

"दोन्हीकडून धरलं होतं. मामांना तर घाम फुटला. आजी त्यांना म्हणाल्या, अहो, चालतेय मी, धापा तुम्ही कशाला टाकताय?"

मेट्रनबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "आणि खिडकीत काय केलं तिनं?"

"उभ्या राहिल्या. मी खुर्ची आणली तर म्हणाल्या, बसून बसून कंटाळले म्हणून तर आले. खाली चादरी वाळत होत्या. म्हणाल्या, कडा ओढून घातल्या नाहीत, आता इस्त्रीवालीच्या मनगटांचे हाल. वरून ओरडून सांगणार होत्या, मीच थांबवलं."

"मग मंगळवारी…" मेट्रनबाई बोलल्या आणि थांबल्या.

चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. सांगावं की नाही, याचा तिच्या मनात झगडा चालला असावा. मग ती म्हणाली, "परत येताना मी म्हटलं होतं, आजी, मॅडमना कळू देऊ नका. तर म्हणाल्या, छे गं. ती मला घेऊन जाईल ना, तेव्हा पहिल्यांदाच बघतेय असं दाखवीन. तिला बरं वाटेल."

मेट्रनबाई उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून, काहीतरी शोधत असल्यासारख्या कपाटातल्या फायली पुढेमागे करत राहिल्या. बऱ्याच वेळानं, मागे न वळता, म्हणाल्या, "नोंद राहू दे. तू जा."

चष्मेवाली गेल्यावर त्यांनी खण उघडला आणि तो अहवाल काढला. पहिल्या पानापासून, एक ओळ न सोडता वाचला. दुपारची सुट्टी कधी झाली आणि कधी संपली ते त्यांना कळलं नाही.

शुक्रवारी सगळ्या वॉर्डांच्या प्रमुख सिस्टरांची बैठक होती. संशोधनामुळे चष्मेवालीलाही बोलावणं होतं. ती दाराजवळच्या खुर्चीत, उठायला सोपं जाईल अशी बसली होती. औषधांचा साठा झाला, रजा झाल्या. मग पुरुष वॉर्डाच्या सिस्टरनं घसा खाकरला. ती मेट्रनबाईंच्या बरोबरची, स्पष्ट बोलणारी.

"बाई, तुमच्या दुःखात हे काढायला नको, पण काढते. तिसऱ्या मजल्यावर सहीशिवाय पेशंटला फिरवलं, असं कानावर आलंय. माझ्या मुली मला विचारतात, नियम काय फक्त आम्हालाच?"

चष्मेवाली उभी राहिली. "ते मी—"

"बस," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि स्वतः उभ्या राहिल्या. "मुली बरोबर विचारतात. पण कारवाई तिच्यावर नाही होणार. हिचा अहवाल पाच आठवडे माझ्या खणात पडून होता. प्रती काढल्यात, प्रत्येकीनं एक न्या. भाषा तपासायची काही गरज नाही, चांगली आहे."

कुणीतरी हसू दाबलं.

"उद्यापासून सही बंद. ज्याला उठता येतंय त्याला रोज उठवायचं. खुर्चीत बसवायचं, चालवायचं. कुणी पडलं, तर कागदावर नाव माझं लिहा."

"माणसं कुठून आणू, बाई?" पुरुष वॉर्डाची सिस्टर म्हणाली. आवाज आता मऊ होता. "माझ्याकडे तीस खाटा आणि चार मुली."

"दोन मदतनीस वाढवून द्या, म्हणून साहेबांशी भांडते. मिळेपर्यंत मला धरा. मला अजून माणूस धरता येतो."

त्या खाली बसतील असं सगळ्यांना वाटलं. वह्या मिटायला लागल्या. पण त्या टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभ्याच होत्या. एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं असं काहीतरी येतंय, हे आधी चष्मेवालीला कळलं, आणि तिनं मान खाली घातली.

"एक म्हातारे मास्तर माझ्या हातून पडले होते. तेव्हा मी तुमच्यापेक्षा लहान होते," मेट्रनबाई म्हणाल्या. "त्या धास्तीनं मी कुणालाच उठू दिलं नाही. आणि धास्तीलाच काळजी म्हणत राहिले." त्यांनी श्वास घेतला. "माझी आई मला चल म्हणाली होती. दोघी जाऊ म्हणाली होती. मला वेळ होता. मी नाही म्हटलं."

बाहेरून कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. ती लांब जाईपर्यंत त्या थांबल्या.

"आई," त्या म्हणाल्या, तेवढ्याच आवाजात, भरल्या खोलीत, "माझं चुकलं."