शुक्रवारचं ताक

उतनूरच्या चर्चच्या आवारात मयूरी कागदी पेल्यातून ताक पीत होती. रस्त्याच्या पलीकडे तिची सासू रेणुकाबाई औषधांची पिशवी घेऊन उभी होती. बचत गटाच्या बैठकीला जाते, असं सांगून सून सकाळी घरातून निघाली होती. पण तेही रेणुकाबाईच्या मनात आलं नाही. तिला फक्त ताक दिसलं. वार शुक्रवार होता.

दिवाळीत ट्रॅक्टर उलटून करणचा मणका मोडला. तेव्हापासून आई आणि बायको दोघी शुक्रवार धरत होत्या, संतोषीमातेचे. आंबट खायचं नाही, शिवायचंही नाही. रेणुकाबाई दुपारी भगर खायची, मयूरी संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर. शेजारची सोजरबाई म्हणायची, "सून पाण्यावर राह्यते, अन् तू ताटली चाटते." रेणुकाबाईला सुनेचा अभिमानच वाटायचा. आणि गेल्या आठवड्यात करणच्या उजव्या पायाचा अंगठा हलला होता.

ती रस्ता ओलांडून गेली.

"आंबट पेली? पोराचा पाय आता कुठं हालून राह्यला, अन् तू उपास मोडला?"

"मोडला नाई, आत्याबाई. आज गुड फ्रायडे हाय. प्रार्थना झाली का इथं ताकावरच सोडतेत."

"इथं म्हंजे?"

मयूरीने पेला खाली ठेवला. "माहे शुक्रवार येशूचे होते. हे दवाखान्यात होते तवापासून."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"येशूनं सांगितलं हाय, उपास लोकाइले दाखवाचा नसते. तेल-वेणी करून रोजच्यासारखं राहाचं."

"लोकाइले," रेणुकाबाई म्हणाली. "मी लोक का?"

मयूरीने खाली ठेवलेला पेला उचलून डब्यात टाकला.

"अन् माह्या हातून प्रसाद घेत होती दर शुक्रवारी. त्याचं काय केलं?"

"गाईले चारला."

रेणुकाबाई एकटीच नार्नूरच्या बसमध्ये बसली. घरी येऊन तिने करणला सगळं सांगितलं.

"माहीत हाय मले," तो छताकडे पाहत म्हणाला.

"कवापासून?"

"पयल्यापासून. मीच म्हणलो, आईले सांगू नको. तुले बरं वाटत होतं ना, दोघी मिळून करता म्हणून."

औषधं पिशवीतून काढून तिने ओळीने मांडली.

मागून आलेल्या बसने मयूरी घरी आली. करणला कुशीवर वळवायची वेळ झाली होती, आणि ते एकटीला जमत नसे. हात धुऊन ती खाटेच्या पलीकडे उभी राहिली. एकीने खांदे धरले, दुसरीने कंबर. एरवी मयूरी तोंडाने आकडे मोजायची, म्हणजे जोर एकदम लागे. आज कोणी मोजलं नाही. दोघींचा जोर मागेपुढे लागला आणि करण कळवळला.

"सोड," रेणुकाबाई सुनेला म्हणाली. "सोजरबाईले बलावते मी."