चाँद पाशांचा राजीनामा

पंचफुलाला गणिताचं भारी वावडं. दोन गाड्या समोरासमोरून येतात, कुठं भेटतील, असं गणित आलं की ती अडूनच बसायची.

"आपल्या हिंगोलीला लाइनच एक हाय. भेटतील काहून? धडकतील."

"धडकायचे मार्क न्हाईत," तिची मैत्रीण शहनाज म्हणायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या.

चौऱ्याहत्तर साल. नांदेडच्या एका कॉलेजानं प्रवेशासाठी परीक्षा ठेवली होती. निम्मे मार्क गणिताला, निम्मे उतारा वाचून उत्तरं लिहायला. शहनाज सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, तेव्हा मराठी उतारे तिला पंचफुला शिकवायची आणि गणित शहनाज पंचफुलाला. शिकवणं कसलं, खिदळणंच जास्त.

पण नांदेडला जाणं काही दोघींच्या हातात नव्हतं. पंचफुलाची आई जनकाबाई स्पष्ट म्हणाली होती, "शहनाज संगं असंल तर जा. एकटीला मी न्हाई धाडणार." आणि शहनाजचं जाणं तिच्या अब्बांच्या हातात. कॉलेजाला मुलींच्या पालकांची लेखी संमती हवी होती. अब्बा चाँद पाशा तहसीलीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. आपला शब्द साहेबसुद्धा बदलत नाही, ही त्यांची मिजास. पोरीला ते हो म्हणेनात की नाही म्हणेनात. "लिखके देतूं," एवढंच.

अर्ज टपालात टाकायच्या आदल्या दिवशी शहनाज कागद नाचवत आली. "अब्बांनी राजीनामा दिला!" म्हणत तिनं पंचफुलाला गरागरा फिरवलं.

पंचफुलानं कागद वाचला. 'माझी मुलगी शहनाज हिच्या परीक्षेस मी राजीनामा देत आहे.' बापानं हात झटकले, आणि ही बया नाचून राहिली.

"अगं, त्यांनी तर अंग काढून घेतलं की."

"काहून? राजीनामा म्हंजे राजी असल्याचा कागद."

"राजीनामा म्हंजे नोकरी सोडल्याचा कागद, येडे."

मग दोघींना असं हसू फुटलं, असं फुटलं, की जनकाबाई चुलीवरची भाकर टाकून बघायला आली, पोरींना काही चावलंबिवलं का.

हसू ओसरलं तशी पंचफुला घाबरली. कॉलेजातला कारकून हा कागद वाचून शहनाजचं नावच काटणार. पण चाचांना त्यांचा शब्द बदला म्हणायचं कुणी? शहनाजची तर छातीच होईना. शेवटी पंचफुलानं वहीचं पान फाडलं, त्यावर काहीतरी खरडलं आणि तिला ओढत तहसीलीवर नेलं. शहनाज लिंबाच्या बुंध्याआड लपली.

"चाचा, एक उतारा अडलाय. तेवढा सोडवून द्या."

चाँद पाशांनी चष्मा चढवला. 'दगडोबा शिपायाने राजीनामा दिला. साहेबाने तो घेतला. प्रश्न : दगडोबा उद्या कामावर येईल काय?'

त्यांनी झोकात लिहिलं, 'होय. उभयतांत समझोता झाला आहे.' त्यांचं तरी काय चुकलं? नोकरी सोडणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडं कधी आलंच नव्हतं. त्यांनी लिहिलेले सगळे राजीनामे बांधाच्या भांडणातले, तडजोडीचे.

"शून्य मार्क," पंचफुला बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मग खालमानेनं राजीनाम्याचा मराठी अर्थ सांगितला आणि शहनाजचा कागद पुढं ठेवला.

चाँद पाशांनी कागद डोळ्यांजवळ नेला. पंचफुलाला वाटलं, झालं, आता नांदेड गेलं. एवढ्यात त्यांचे खांदे हलायला लागले. चष्मा नाकावरून घसरला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेजारचा चहावालाही कारण न कळता हसायला लागला.

पंचफुलानं नवा कागद पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला. "लिख्या सो बराबर हाय. थोडं जास्त झालं," म्हणाले, आणि 'नामा देत' एवढ्यावर आडवी रेघ मारून शेजारी सही ठोकली.

उरलेलं पंचफुलानं मोठ्यानं वाचलं. "माझी मुलगी शहनाज हिच्या परीक्षेस मी राजी आहे."

शहनाज बुंध्याआडून धावली आणि भर तहसीलीसमोर बापाच्या गळ्यात पडली.

"छोड गे, लोगां देखरैं," चाँद पाशा म्हणाले, आणि त्यांनी तिला आणखी घट्ट धरलं.