बाईंना खेळात घेतलं का?

अठ्ठावीस वर्षं मी मखमलाबाद रोडच्या आमच्या बालवाडीत पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली. पाटीवरची पेन्सिल धरलेली चिमुकली मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि ग काढायचा, म काढायचा. रोजचे तीस-पस्तीस हात. घामट, चिकट, कुणाचा बिस्किटाने माखलेला. जूनमध्ये नवा अभ्यासक्रम आला, पाट्या कपाटात गेल्या आणि आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की आता दिवसभरात मला कुणाचाच हात लागत नाही. घरी मी एकटी. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. मुलगा शेखर पुण्याला असतो, रविवारी फोन करतो, आणि त्यातला निम्मा वेळ मुलीला "आजीला हाय कर" म्हणण्यात जातो.

अभ्यासक्रम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मी चिडकी आहे, पण अडाणी नाही. एवढ्याशा बोटांना लिहायला लावू नये, हे मलाही पटतं. वर्गात आता कोपरे केलेत, एक ठोकळ्यांचा, एक चित्रांचा, एक बाहुलीघराचा. मुलं आपापली खेळतात. बाईंनी बघायचं आणि वहीत नोंद करायची. प्रशिक्षणात एक नियम तीन तीनदा सांगितला होता. मुलांच्या खेळात बाईंनी आपणहून घुसायचं नाही. मुलांनी बोलावलं तरच जायचं, आणि ती देतील ती भूमिका निमूटपणे करायची.

मला कुणी बोलावलंच नाही. गणपती झाले, दिवाळी झाली, संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला. शेजारच्या वर्गातली पूजा चोवीस वर्षांची, तिला मात्र रोज बोलावणं. एकदा पेशंट, एकदा एसटीतली प्रवासी, एकदा चक्क म्हैस! पूजा चार पायांवर हंबरत होती, पोरं खाली बसून धार काढत होती आणि मी दारातून बघत होते. छप्पन्न वर्षांच्या बाईने म्हशीचा हेवा करावा, म्हणजे झालंच.

महिन्याच्या शेवटी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात प्रश्न आहे, "मुलांनी बाईंना खेळात घेतलं का? कोणत्या भूमिकेत?" माझ्या फॉर्मवर दर महिन्याला आडवी रेघ. मार्च संपला तेव्हा मुख्याध्यापिका तेजस्विनी मॅडमनी मला बोलावून घेतलं. मॅडम माझ्या शेखरपेक्षा लहान आहेत आणि कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी धड भांडताही येत नाही.

"निकम बाई, मुलं तुमच्याजवळ मोकळी होत नाहीत," त्या म्हणाल्या. "एप्रिलचा फॉर्मही असाच आला, तर जूनपासून तुम्हाला ऑफिसात घेऊ. दाखले, रजिस्टर बघाल. दगदगही कमी होईल."

"मला दगदग हवी आहे मॅडम," मी म्हणाले. माझा आवाज चढलाच. ऑफिसात एक पंखा आहे, दोन कपाटं आहेत, आणि तिथे कुणी रडत नाही, सांडत नाही, शी आली म्हणत नाही. तसल्या खोल्या माझ्या घरीच आहेत, दोन-दोन.

खोटं लिहिता आलं असतं. कोण बघायला येतंय? पण इतकी वर्षं पोरांना खरं बोला म्हणून दरडावलंय, हात धजेना. मग मी युक्त्या केल्या. माझ्या लहानपणची पितळी भातुकली माळ्यावरून काढली, चिंचेने घासली आणि बाहुलीघरात नेऊन मांडली. शेजारी बसले. खाकरले. "अय्या, किती छान वास येतोय भाजीचा," असंही भिंतीकडे बघून म्हणाले. पोरांनी भांडी घेतली, मला नाही घेतलं.

एप्रिलचा शेवटचा शनिवार उजाडला. त्या दिवशी शेवटी आमच्या मदतनीस ठमाबाईंनी तोंड उघडलं.

"बाई, राग नका मानू. तुम्ही लय टक लावून बघता. हातात वही न् पेन. पोरांना वाटतं, आपलं काही चुकलं का बाई लिहून घेतीन."

"मग मी करू तरी काय?"

"काय नका करू. माझ्यासंगं मेथी निवडा."

मला राग आलाच. पण वही कपाटावर ठेवली आणि खाली बसले. खिचडीत घालायला मेथीच्या चार जुड्या आणल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळालं. ठमाबाई त्यांच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या, मी हूं हूं करत होते, आणि खरं सांगते, दहा-पंधरा मिनिटं मी पोरांना विसरले.

"बाई, तू पाहुणी हो."

समोर भाग्यश्री उभी. चार वर्षांची, मळ्यातली, घरचा फुलांचा धंदा. वर्षभरात माझ्याशी चार वाक्यं बोललेली नव्हती. एरवी "तू" ऐकून मी डोळे वटारले असते. आता जुडी हातातून गळाली.

"कुठली पाहुणी गं?"

"सायखेड्याची. बाहेर जा. चप्पल घालून ये."

मी गेले, चप्पल घातली, आले. बाहुलीघराच्या चटईपाशी तिने ती मला काढायला लावली आणि पाय धुवायला रिकाम्या तांब्यातून पाणी दिलं. मग चहा. मग ठोकळ्याची बिस्किटं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिने मोठ्या बाईसारखी चौकशी सुरू केली. पाऊसपाणी बरं हाय का? पोरं बरी हायेत का? मी बरं आहे, बरं आहे म्हणत होते.

"न् घरी कोण हाय?"

"कुणी नाही," मी म्हणाले. खेळात काहीही सांगता आलं असतं, पण सुचलंच नाही. भाग्यश्रीने आणखी एक कप चहा ओतला.

घंटेची वेळ झाली तशी मी म्हणाले, "बरंय, येते हं आता."

"नको ना जाऊ. उद्या जा," ती म्हणाली. तेवढ्यात घंटा झालीच. दप्तरं, डबे, रडारड, दारात आयांची गर्दी. भाग्यश्रीला तिची आजी गोजराबाई रिक्षातून घेऊन गेली.

मी फॉर्म घेतला आणि लिहिलं, "हो. पाहुणी." मॅडमनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि हसून म्हणाल्या, "मग जूनमध्ये वर्ग तुमचाच, बाई."

घरी निघाले तर चप्पल नाही. चटईपाशी नाही, दारात नाही. ठमाबाईंनी कोपरे शोधले, मी ठोकळ्यांचे खोके उलटे केले, आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायलाच लागलो. आमच्याकडे आवडीचा पाहुणा निघाला की घरातली पोरं त्याची पिशवी लपवतात, नाहीतर चप्पल. म्हणजे त्याला राहावंच लागतं. मीही लहानपणी मामाची लपवायची.

मी गोजराबाईंना फोन लावला.

"आवं बाई, काय केलं हिनं? थांबा, देते तिला."

"भाग्यश्री, माझी चप्पल कुठे ठेवलीस गं बाळा?"

"नाय सांगणार."

"का गं?"

"सांगितलं का तू घरी जाशील. तुझ्या घरी कुणीच नाय."

मागून गोजराबाई तिला दटावत होत्या. मी निघाले की मला कुणी थांबवेल, ही आशा मी कधीच सोडून दिली होती.

"बरं," मी शेवटी म्हणाले. "नको सांगू. राहते मी."

फोन ठेवला. ठमाबाई फरशी पुसत होत्या. मी अनवाणीच त्या चटईवर जाऊन बसले आणि पोटभर रडले.