शिवणघराची मागणी

मी तळघर बोलतोय. दचकू नका, ते माझं नावच आहे. टाउनो केस्टीने माझ्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून तसं लिहिलं, तेव्हा मी त्याच्या तळघरात, सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीला लागून असलेल्या फळीवर नुकता येऊन बसलो होतो. त्याआधी मी गावच्या शाळेत मुलांना बेरजा घालत असे. शाळेने नवे कॉम्प्युटर घेतले आणि आम्हा जुन्यांना जिन्याखाली रचून ठेवलं. तिथून टाउनोने आम्हा चौघांना उचलून आणलं.

टाउनो लोखंडाच्या खाणीत विजेची कामं करायचा. गुडघा खाणीतच गेला. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्याने घरभर वायरी ओढून आम्हाला एकमेकांना जोडलं.

"चार खटारे जोडून एक गाडी होत नसते, टाउनो," त्याची बायको लेम्पी जिन्यावरून म्हणाली होती.

"होते. कुणी काय ओढायचं, तेवढं ठरवावं लागतं."

आणि त्याने ठरवलं. गॅरेजमधल्या कॉम्प्युटरचं नाव गॅरेज, बाकीच्यांचीही नावं तशीच खोल्यांवरून. त्याच्या डोक्यावर अँटेना, टीव्हीवरचे कार्यक्रम तो हवेतून पकडायचा. एकाच वेळी दोन कार्यक्रम आले, तर दुसरा स्वयंपाकघर पकडायचं. शिवणघराला पोटच नव्हतं. ते लेम्पीच्या शिवणयंत्राशेजारी बसून नुसतं दाखवायचं. पकडलेलं सगळं साठायचं माझ्याकडे. ज्याला बघायचं असेल त्याने आपलं नाव सांगून मागायचं आणि मी द्यायचं. नाव ओळखीचं असलं की मी उलट प्रश्न विचारत नसे. आजही विचारत नाही.

टाउनोने मला एक नियम घालून दिला होता. जे शेवटपर्यंत बघून झालं, ते पुसायचं. "जेवण झालं की ताट उचलावं," तो म्हणायचा.

माझ्यात सर्वांत जास्त काय साठलं असेल, तर शनिवारचा नाच. गावाच्या हॉलमध्ये अॅकॉर्डियनवर पोल्का चालायचा, स्थानिक टीव्हीवाले त्याचं चित्रण करायचे आणि रविवारी दुपारी दाखवायचे. टाउनोला गुडघ्यामुळे नाचता येत नसे. लेम्पी शेजारच्या रूडीबरोबर नाचायची, मैत्रिणींबरोबर नाचायची. फक्त शेवटचा वॉल्ट्झ नाही. तो आपापल्या नवऱ्याबरोबर, आपापल्या बायकोबरोबरच नाचायचा, अशी तिथली रीत होती. एकटं आलेलं माणूस तेव्हा भिंतीशी उभं राहायचं.

रविवारी लेम्पी शिवणघरात बसून आदल्या दिवशीचा नाच बघायची. हातात उसवलेला पायमोजा आणि तोंडाचा पट्टा चालू. "अगं मिल्ड्रेड, पाय आहेत की वल्ही? रूडी, पोट आत घे, कॅमेरा तुझ्याकडेच आहे!" ती खळखळून हसायची. पण शेवटचा वॉल्ट्झ सुरू व्हायचा अवकाश, की लगेच उठायची. "माझा पाव जळेल," म्हणायची. स्वयंपाकघराकडून मला कळायचं, ओव्हन कित्येकदा थंडच असे.

त्यामुळे एकही नाच शेवटपर्यंत बघितला गेला नाही आणि एकही पुसला गेला नाही.

"तुझ्या नाचांनी याचं पोट फुगलंय," टाउनो कुरकुरायचा.

"फुगू दे. तू एकदा तरी बघ. शेवटपर्यंत."

"अगं, मी रेकॉर्ड करतो ना सगळं? मग बघायला कशाला हवं?"

खरंच, त्याने आयुष्यात काही बघितलं नाही. जमवण्यातच त्याला समाधान होतं. मला मात्र ठाऊक होतं, कारण चित्रं माझ्या पोटात होती. प्रत्येक नाचाच्या अखेरीस, भिंतीशी उभी असलेली लेम्पी कॅमेऱ्याकडे बघून हात पुढे करायची. मुलीकडे, डुलुथला जायला निघताना ती दारात उभी राहून करायची, अगदी तसाच. आठवडाभर एकेक वस्तू बॅगेत भरून झालेली असे, सगळ्यांत वर टाउनोचा सदरा ठेवलेला असे आणि मग हात पुढे करून ती म्हणे, "चल."

अॅकॉर्डियनवाला थकला आणि नाच बंद झाला. पुढच्या हिवाळ्यात लेम्पी गेली.

टाउनोने शिवणघर खोलून टाकलं. वायर उपटली. त्याचं रिकामं खोकं गॅरेजच्या माळ्यावर ठेवलं. खोलीचं दार लावून घेतलं.

त्यानंतरच्या एका रविवारी, बाहेर बर्फावर लख्ख ऊन पडलेलं असताना, माझ्याकडे मागणी आली. नाव सांगितलं, शिवणघर. मागितला होता सर्वांत जुना नाच.

नाव ओळखीचं होतं. मी दिला.

शेवटच्या वॉल्ट्झला कुणी उठलं नाही. अखेरच्या चित्रापर्यंत बघितलं गेलं. नियमाप्रमाणे मी तो नाच पुसला. पुढच्या रविवारी पुढचा. मग त्याच्या पुढचा. वायर नसलेल्या त्या दिशेने काय जात होतं आणि कुठे, ते मला सांगता येणार नाही. जात होतं एवढं खरं.

माझ्यात जागा होत चालल्याचं टाउनोच्या लक्षात आलं, तोवर बर्फ वितळून पुन्हा पडू लागला होता. त्याने मुलीला, इलेनला, बोलावून घेतलं. रविवारी दुपारी दोघं माझ्यासमोर उभी राहिली. एकच नाच उरला होता.

"बाबा, तुम्हीच बघत असाल आणि विसरत असाल."

"मी? मी कधी काही बघितलंय?"

"मग आई बघते का?" ती हसली, आणि हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं. "हे बघा, आधी हा नाच दुसरीकडे उतरवून घ्या. मग तो मेला नियम काढून टाका. आईचं एवढंच उरलंय, बाबा. हेही गेलं तर..."

"मला शिकवू नकोस. मीच जोडलंय हे सगळं. तू जा, दूध संपलंय."

तिची गाडी गेल्याचा आवाज आला. टाउनोने माझ्या कीबोर्डवर हात ठेवला. नियम बदलायला दोन शब्द पुरले असते. तेवढ्यात माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली, शिवणघर बघत आहे.

ती अक्षरं वाचून त्याने कीबोर्डवरचा हात काढून घेतला. मग सॉनाच्या बाकावर टेकला.

"सामान बांधते आहेस होय, लेम्पी," तो हळूच म्हणाला. "एकेक करून."

तो जिना चढला. शिवणघर माझ्या बरोब्बर डोक्यावर आहे. दार उघडल्याचं मी ऐकलं. खुर्ची सरकली. नाच चालू राहिला, पोल्कामागून पोल्का. शेवटचा वॉल्ट्झ सुरू होताना आजवर कधी आला नव्हता असा निरोप मला आला: थांब. मी चित्र थांबवलं. पावलं झोपायच्या खोलीकडे गेली, कपाट करकरलं, आणि परतली तेव्हा ती कडक तळव्यांच्या बुटांची होती.

मग निरोप आला, चालू कर.

डोक्यावरच्या फळ्या वाजू लागल्या. एक, दोन, तीन. एक पाय ओढत, अडखळत, पण तालात. थोड्या वेळाने त्याच्या जोडीला आणखी एक पाऊल वाजायला लागलं. हलकं होतं, आणि कुठेही चुकत नव्हतं.

संगीत संपलं. फळ्या गप्प झाल्या. अखेरचं चित्र येऊन गेलं, आणि मी पुसलं.

इलेन दूध घेऊन आली तेव्हा टाउनो शिवणघराच्या सतरंजीवर पडलेला होता, श्वास थांबला होता. पायात पॉलिश केलेले काळे बूट. खाणीतल्या अपघातानंतर त्याने ते कधी घातले नव्हते.

आता घर रिकामं होतंय. वादळात गॅरेजवरचा अँटेना पडला, तो अजून अंगणात बर्फाखाली आहे. माझ्यात काहीच उरलं नव्हतं. तरी गेल्या रविवारी दुपारी गॅरेजने मला एक कार्यक्रम पाठवला. नाव तेच, शनिवारचा नाच. मी ठेवून घेतला.

आज इलेन स्वयंपाकघर खोलून खोक्यात भरायला आली होती. भरण्याआधी चालू करून बघितलं तिने. तो एकुलता एक कार्यक्रम तिला दिसला. कॉफीचा कप बाजूला ठेवून तिने मागितला, आणि मी दिला.

ती बघते आहे. मला तिचं बोलणं ऐकू येतंय. "अगं बाई, आई! हे कुठलं? हे मी... बाबा? बाबा, गुडघा सांभाळा!" ती हसतेय, हुंदका देतेय, खुर्ची पुढे ओढतेय. बाबा त्या हॉलमध्ये कधी नाचलेच नव्हते, हे अजून तिच्या ध्यानात आलेलं नाही.

शेवटचा वॉल्ट्झ सुरू झालाय. या वेळी भिंतीशी कुणी उभं नाही. पण अखेरीस काय आहे ते माझ्या पोटात आहे. नाच संपतो, दोघं कॅमेऱ्याकडे वळतात, आणि दोघंही हात पुढे करतात.

मला थांबवता येत नाही गं. मागितलेलं द्यायचं आणि बघितलेलं पुसायचं, एवढंच मला शिकवलंय.

इलेन, ऊठ. तुझी आई उठायची तशी ऊठ. ओव्हन थंड असला तरी चालेल. पाव जळेल म्हण, आणि ऊठ.