मोटार संग्रहालयाची तिरकी भिंत

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. दोरीला बांधलेलं भोवऱ्याएवढं वजन, बस्स. पण भिंत सरळ आहे की पोट काढून उभी आहे, हे मीच सांगतो. भल्या भल्या भिंतींना खाली मान घालायला लावण्यात मला भारी मजा वाटे. आज मात्र माझ्याच चुकीची गोष्ट सांगायची आहे.

धुळ्याच्या एका भट्टीत माझं ओतकाम झालं. हिलालमिस्त्रींनी मला विकत घेतलं आणि त्यांच्याबरोबर मी सुरतला आलो. कडोदऱ्याच्या यंत्रमागांच्या शेडी, कोसाडच्या खोल्या, सगळीकडे मी लोंबलो. "हिलालकाकांची भिंत म्हणजे डोळे मिटून प्लास्टर करा," असं लोक म्हणत, तेव्हा मी दोरीवर फुगून जाई. पुढे भिंत तपासणारी लाल उजेडाची लेझर आली आणि मी पिशवीत थापीखाली पडून राहू लागलो. वाईट वाटे, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी एका मोटार कंपनीच्या संग्रहालयाचं काम निघालं. मधल्या दालनात कंपनीची पहिली मोटार उभी राहणार होती. तिच्यामागची चौदा थरांची भिंत हिलालकाकांकडे आली. तिला प्लास्टर नव्हतं, वीट न् वीट दिसणार होती. भिंतीमागचा लोखंडी सांगाडा मागे कललेला होता. काकांनी मला पिशवीतून काढून त्याच्यापुढे सोडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "वेल्डरनी सांगाडा वाकडा उभा केला!" नकाशा त्यांना वाचता येत नव्हता आणि विचारायला कमीपणा वाटला. शिवाय माझ्यावर विश्वास होता. सकाळपासून त्यांनी नऊ थर सरळसोट चढवले आणि मी प्रत्येक थराला शाबासकी देत गेलो.

अकरा वाजता आर्किटेक्ट स्नेहाताई आल्या आणि जागीच थबकल्या. "काका, ही भिंत तिरकीच हवी होती. त्या पहिल्या मोटारीची पुढची काच मागे झुकलेली आहे ना, तशी!"

मोटार तर उद्या सकाळीच यायची होती. सुपरवायझर चेतन भडकला. "काले सवारे गाडी आवे छे! काका, आता तुम्ही राहू द्या. मी दुसरा मिस्त्री बोलावतो, तुम्ही घमेली उचला."

तीस वर्षं मिस्त्री म्हणून मानाने जगलेल्या माणसाने आता घमेली उचलायची! मी काकांच्या मुठीत होतो. तिचा घाम मला लागत होता. माझ्यामुळेच हे झालं होतं.

विटा देणाऱ्या सुभद्राबाई, म्हणजे काकांची बायको, पुढे आल्या. "काबरं उभा राह्यनात? सरय मोजतस, तसं वाकडंबी मोजा ना."

"मना ओयंबा सरयच सांगस वं," काका पुटपुटले.

"मंग दोरीपासून भीत कितली दूर गई, ते मोजा!"

काकांनी मुठीतली माझी दोरी उलगडली. मग स्नेहाताईंना म्हणाले, "ताई, सांजपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर मीच घमेलं उचलतो."

"दर थराला तीन सूत मागे, काका," ताई म्हणाल्या. "एक सूतही इकडेतिकडे नको." सूत म्हणजे इंचाचा जेमतेम आठवा भाग!

नऊ थर पाडले. सिमेंटचा माल अजून ओला होता म्हणून विटा वाचल्या. सांगाड्याच्या माथ्यावर फळी पुढे काढून बांधली आणि तिच्यावरून मला सोडलं. पहिल्या थराला मी टेकलो. दुसऱ्या थराला दोरी आणि वीट यांच्यात तीन सूत फट, तिसऱ्याला सहा. दालनाला अजून काचा नव्हत्या. वारा आला की मी झुलायचो, आणि मी थांबेपर्यंत काका श्वास धरून बसायचे. इतका मी आयुष्यात घाबरलो नव्हतो. अकराव्या थराला एक सूत जास्त भरलं. काकांनी मुकाट्याने वीट काढून पुन्हा बसवली. चेतन लेझर घेऊन मागेच उभा होता.

ऊन उतरताना शेवटची वीट बसली. चेतनने भिंत मोजली. पुन्हा मोजली. "बराबर छे, काका," तो हळूच म्हणाला.

काका तिथेच विटांच्या ढिगावर बसले आणि रडले. "आते काबरं रडतस?" म्हणत सुभद्राबाईंनीही डोळ्यांना पदर लावला.

आता तिथे मोटार उभी आहे. लोक तिचेच फोटो काढतात, भिंतीकडे कोणी बघत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. शेजारच्या दालनाचं कामही आता काकांकडेच आहे, मिस्त्री म्हणून.

मित्रांनो, मी फक्त सरळ काय ते सांगतो. काय हवं आहे, ते माणसालाच विचारावं लागतं, आणि विचारण्यात कसला आला कमीपणा! माझ्यासारखी हत्यारं पुसून, तेल लावून ठेवत जा. आणि काम चुकलं तर रचलेले थर खुशाल पाडा, पण रचणाऱ्या माणसाला पाडू नका.